शनिवारवाड्याचे वरचे मजले गेले कुठे? जुन्नरचं सागवान, चिंचवडचा दगड आणि १८२८ ची आग

माळशेज घाट चढून कल्याण-नगर महामार्गानं पुढं आलं की मढ, डिंगोरे, ओतूर अशी जुन्नर तालुक्यातली गावं एकामागोमाग लागतात. एका बाजूला सह्याद्रीचे काळे कडे, मध्ये शेतं, आणि गावात शिरलं की एखाद्या जुन्या वाड्याचा दगडी चौथरा. वर घर नाही, छप्पर नाही. नुसते घडीव चिरे आणि दारापर्यंत नेणाऱ्या, पण आता कुठंच न पोहोचणाऱ्या पायऱ्या.

पुण्यातला शनिवारवाडा पाहताना अगदी हेच दिसतं, फक्त खूप मोठ्या आकारात. बाहेर भक्कम तट, भलामोठा दरवाजा आणि आत गेल्यावर चौथरेच चौथरे. पहिल्यांदा आलेला माणूस हमखास विचारतो, "वाडा कुठाय?"

या प्रश्नाचं उत्तर जुन्नरपासून सुरू होतं. शनिवारवाड्याचं सागवान आलं जुन्नरच्या जंगलातून, दगड आला चिंचवडच्या खाणीतून आणि चुना जेजुरीच्या पट्ट्यातून. यातला चिंचवडचा दगड आजही जागेवर आहे. जुन्नरचं लाकूड मात्र जवळजवळ सगळं गेलं.

ते कसं गेलं याबद्दल एक गोष्ट व्हॉट्सअॅपवर दर काही महिन्यांनी फिरते. 'शाहू महाराजांनी फक्त पहिला मजला दगडाचा बांधायला परवानगी दिली. वरचे मजले विटांचे झाले. पुढं इंग्रजांनी तोफा डागल्या, विटा कोसळल्या आणि दगड तेवढा राहिला.' ऐकायला गोष्ट एकदम पटते. पण तिचा शेवट चुकीचा आहे.

वाड्याआधीचं पुणे

बाळाजी विश्वनाथ या पहिल्या भट पेशव्यांचा मुक्काम सासवडला असायचा. १७२० मध्ये ते वारले आणि वयाच्या विसाव्या वर्षी थोरल्या बाजीरावांना पेशवाईची वस्त्रं मिळाली. गादी साताऱ्याला, छत्रपती शाहू महाराजांची. पेशवे हे त्यांचे प्रधान. बाजीरावांनी आपलं बिऱ्हाड थाटण्यासाठी निवडलं ते मुठेच्या काठावरचं पुणे. शिवाजी महाराजांचं बालपण जिथं गेलं त्या लालमहालाची जागाही जवळच.

ही जागा कशी निवडली याचीही एक दंतकथा आहे. बाजीरावांनी इथं एका सशाला शिकारी कुत्र्याचा पाठलाग करताना पाहिलं म्हणे. अशीच ससा-कुत्र्याची गोष्ट देशातल्या इतर काही शहरांबद्दलही सांगतात, त्यामुळं तिच्यावर फार भार टाकायला नको.

वाड्याची पायाभरणी झाली १० जानेवारी १७३० ला आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला. दोन्ही दिवस शनिवार, म्हणून शनिवारवाडा.

आता मोबाईलचं कॅलेंडर मागं नेऊन तपासलं तर १० जानेवारी १७३० ला मंगळवार दिसेल. मग इतिहास खोटा? नाही. इंग्रज तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर वापरत आणि मराठी इतिहासातल्या त्या काळाच्या बऱ्याच तारखा त्याच पद्धतीनं लिहिल्या गेल्या आहेत. आजचं ग्रेगोरियन कॅलेंडर इंग्रजांनी १७५२ मध्ये स्वीकारलं. दोन्हींत तेव्हा ११ दिवसांचा फरक होता. म्हणजे जुन्या पद्धतीची १० जानेवारी ही आजच्या पद्धतीनं २१ जानेवारी १७३०, आणि तो दिवस शनिवारच होता. वास्तुशांतीची तारीखही असाच हिशोब केला की शनिवारवर येते.

बांधकामाचा खर्च १६,११० रुपये झाला असं सांगितलं जातं. त्या काळात ही मोठी रक्कम होती. पण एवढ्यात सगळा शनिवारवाडा उभा राहिला असं मात्र समजू नये. हा खर्च मूळ वाड्याचा. तट, बुरूज, नवे दिवाणखाने आणि कारंजी पुढच्या पिढ्यांनी वाढवत नेली. शनिवारवाडा जवळपास ६०-७० वर्षं वाढतच होता.

दगड, लाकूड आणि चुना

घाटमाथ्यावर आणि देशावर खणलं की काळा दगडच लागतो. हा बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून थरावर थर लाव्हा बाहेर आला, त्याचा हा दगड. कठीण, जड आणि पाण्याला न दबणारा. जुन्नरकरांना तो नवा नाही. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा, शिवनेरी या डोंगरांत दोन हजार वर्षांपूर्वी कारागिरांनी याच दगडात लेणी कोरली. नाणेघाटातला सातवाहनांचा शिलालेखही याच दगडावर आहे.

पण लेणं कोरणं वेगळं आणि घर बांधणं वेगळं. लेण्यात दगड जागेवरच असतो, नको तेवढा काढायचा. घरासाठी तो खाणीतून फोडायचा, गाड्यावर लादायचा, टाकी-छिन्नीनं घडवायचा आणि एकावर एक बसवायचा. बेसॉल्ट घडवायला वेळ लागतो, पाथरवटांचे हात लागतात, म्हणजेच पैसा लागतो. त्यामुळं दगड शक्यतो जवळचा बघायचा. चिंचवड पुण्यापासून १५-१६ किलोमीटर, म्हणजे बैलगाडीला एका दिवसाचा पल्ला.

लाकडाचं तसं नव्हतं. दिवाणखान्याला लांब, सरळ, न वाकणारी तुळई हवी. ती कुठल्याही झाडाची चालत नाही. सागवान हवं, कारण त्याला वाळवी सहसा लागत नाही, ते पावसाळी हवेत फारसं फुगत-आटत नाही आणि कोरीवकामाला मऊ पडतं. असा साग जुन्नरच्या जंगलात होता. जुन्नर ते पुणे हे अंतर साधारण ९० किलोमीटर. एवढ्या लांबून लाकूड आणलं, यावरूनच वाड्यात त्याचं महत्त्व किती होतं ते कळतं.

तिसरी गोष्ट चुना. बेसॉल्टच्या प्रदेशात चुनखडक डोंगरच्या डोंगर सापडत नाहीत. ठिकठिकाणी जमिनीत चुनखडीचे खडे मिळतात, ते भाजून चुना करायचा. शनिवारवाड्यासाठी तो जेजुरीकडून आला. हा चुना वाळूबरोबर दगडी घाणीत बैल फिरवून मळत. त्यात गूळ, ताग, बेलफळाचा गर असं काहीबाही घालण्याची रीत होती. सिमेंट लगेच घट्ट होतं, चुना वर्षानुवर्षं सावकाश घट्ट होत जातो. म्हणून जुन्या भिंतीत कुदळ मारली तर ती उडते.

कारागीरही लांबून आले. देवाजी सुतार, कोंडाजी सुतार, मोरारजी पाथरवट आणि जयपूरचा भोजराज अशी नावं या वाड्याशी जोडलेली आहेत.

खाली दगड, वर लाकूड: मराठी वाड्याचं गणित

शनिवारवाडा समजून घ्यायचा तर आधी साधा मराठी वाडा समजून घ्यावा लागतो. वाडा म्हणजे फक्त मोठं घर नाही. ती चौकाभोवती रचलेली वास्तू असते. रस्त्याकडून भक्कम दरवाजा, त्यातच माणसापुरतं छोटं दार, म्हणजे दिंडी. आत देवडी, जिथं पहारेकरी बसायचे. मग चौक, म्हणजे मधलं मोकळं अंगण. चौकाभोवती ओसरी आणि सोपा, त्यामागं माजघर, देवघर, स्वयंपाकघर, कोठार. श्रीमंती वाढली की चौक वाढत. एकचौकी, दोनचौकी, चारचौकी वाडा असं म्हणत ते यावरूनच.

हे सगळं मोजायचं माप म्हणजे खण. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. आजच्यासारखं कुणी चौरस फुटांत विचारत नसे. 'किती खणी सोपा?' असं विचारत.

बांधणी अशी असे. सगळ्यात खाली घडीव दगडाचं जोतं. ते जमिनीपासून दोन-चार फूट वर, कारण पावसाचं पाणी आणि ओल लाकडापर्यंत पोहोचायला नको. जोत्यावर दगडी तळखडे आणि त्यावर सागवानी खांब. खांब थेट मातीत कधीच रोवत नसत, कारण तो खालून कुजला की वरचं सगळं बसतं. खांबावर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या, म्हणजेच कडीपाट. फळ्यांवर मातीचा जाड थर, तीच वरच्या मजल्याची जमीन. उन्हाळ्यात हा थर खालची खोली थंड ठेवतो.

मग भिंती? दोन खांबांमधल्या जागेत विटा भरायच्या आणि त्यावर गिलावा. इथं एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. वरच्या मजल्यांचा बराचसा भार विटा पेलत नाहीत, लाकडाचा सांगाडा पेलतो. विटा त्या सांगाड्यात भरलेल्या असतात. लाकूड शाबूत आहे तोवर वाडा उभा. लाकूड गेलं की विटांना धरून ठेवणारं कुणी उरत नाही.

शनिवारवाड्याच्या आतल्या भव्य महालांची जात हीच होती. दगडाचं जोतं, सागवानाचा सांगाडा, विटांची भर. पुढं १८२८ मध्ये काय झालं त्याचं कारण या एका परिच्छेदात आहे.

शाहू महाराजांची हरकत

आता त्या प्रसिद्ध गोष्टीकडे. असं सांगतात की वाडा पूर्ण दगडात बांधायचा बेत होता. पहिला मजला झाल्यावर साताऱ्याला तक्रार गेली की दगडी किल्ला बांधण्याचा मान फक्त छत्रपतींचा आहे, प्रधानाचा नाही. मग उरलेलं काम विटांत करण्याचा हुकूम आला.

दुसरी गोष्ट दिल्ली दरवाजाची. मुख्य दरवाजा उत्तरेकडे, म्हणजे दिल्लीच्या दिशेनं तोंड करून. यावरही शाहू महाराजांची नाराजी होती असं म्हणतात. औरंगजेबाच्या छावणीत बालपण गेलेले शाहू महाराज दिल्लीच्या गादीशी उघड वैर टाळायचे. 'छाती दाखवावी तर दिल्लीला' हा बाजीरावांचा बाणा आणि महाराजांचं सावध धोरण यांच्यात तटाचं काम अडकलं. १५ डिसेंबर १७४९ ला शाहू महाराज वारले. त्यानंतर नानासाहेब पेशव्यांनी तट आणि दरवाजे पुरे केले.

या गोष्टींत किती अंश कागदावरचा आणि किती सांगोवांगीचा, हे वेगळं करताना एक पुरावा प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आहे. शनिवारवाड्याच्या तटाकडे बाहेरून नीट पाहा. खालचा भाग काळ्या दगडाचा आहे आणि वरचा विटांचा. दोन्हींमधली रेष स्पष्ट दिसते. म्हणजे 'खाली दगड, वर वीट' हा भाग खरा आहे.

पण हीच भिंत गोष्टीचा शेवट खोटा ठरवते. तोफांनी वीट पाडली आणि दगड राहिला असता, तर तटावरची वीट आज दिसायलाच नको होती. ती तर दिसते आहे.

दरवाजा नव्हे, सापळा

वाड्याच्या तटाला पाच दरवाजे आणि नऊ बुरूज आहेत. दरवाज्यांची नावं: दिल्ली, मस्तानी (याला अलिबहादर दरवाजाही म्हणत), खिडकी, गणेश आणि नारायण (याचं आधीचं नाव जांभूळ).

यातला दिल्ली दरवाजा मुद्दाम थांबून पाहण्यासारखा. त्याच्या दोन्ही फळ्यांवर लांब, टोकदार लोखंडी खिळे आहेत. ते हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर बसवले आहेत. हत्तीकडून दार फोडणं ही तेव्हाची पद्धत, आणि कुठलाही हत्ती या खिळ्यांवर डोकं आपटणार नाही. एका फळीत छोटी दिंडी आहे. तिच्यातून वाकूनच आत जावं लागतं आणि एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो. आत शिरल्यावरही वाट सरळ नाही. ती काटकोनात वळते, म्हणजे धावत आलेल्या घोळक्याचा जोर तिथंच मोडतो.

दरवाज्याच्या वर नगारखाना आहे. त्याचे लाकडी खांब आणि कमानी आजही शाबूत आहेत. जुन्नरच्या सागवानाचा शनिवारवाडा डोळ्यांसमोर आणायचा असेल तर मान वर करून हा नगारखाना बघायचा. आतल्या सगळ्या महालांचा थाट असाच, याहून कितीतरी बारीक कोरीवकामाचा होता. देवडीच्या भिंतींवर पुसट झालेली जुनी चित्रंही आहेत, पण बहुतेक लोक ती न पाहताच आत जातात.

आत काय होतं?

थोरल्या रायांचा दिवाणखाना, नाचाचा दिवाणखाना, आरसेमहाल अशी आतल्या महालांची नावं सापडतात. नानासाहेबांनी १७५५ मध्ये गणपती रंगमहाल बांधला. पेशव्यांचा गणेशोत्सव तिथं व्हायचा. सगळ्यात उंच होती ती मेघडंबरी. तिच्या वरच्या मजल्यावरून आळंदीच्या ज्ञानेश्वरांच्या मंदिराचा कळस दिसायचा असं सांगतात.

हे महाल कसे दिसत याचा अंदाज एका चित्रावरून येतो. १७९० मध्ये सवाई माधवरावांच्या दरबारात इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट यानं टिपूविरुद्धचा तह केला. जेम्स वेल्स या चित्रकारानं त्या दरबाराची तयारी केली आणि पुढं थॉमस डॅनिएल यानं १८०५ मध्ये ते चित्र पूर्ण केलं. त्यात नक्षीदार खांबांच्या रांगा, महिरपी आणि शेवटी गणपतीची मोठी मूर्ती दिसते. चित्रकारानं थोडी भर घातली असेल, पण आतून वाडा कसा होता ते सांगणाऱ्या मोजक्या साधनांपैकी हे एक.

त्या काळच्या खांबांना सुरूचे खांब म्हणत. सुरूच्या झाडासारखे खाली फुगीर आणि वर निमुळते. त्यांच्या वरच्या टोकाला केळफुलाची नक्षी. असे खांब बघायचे असतील तर पुण्यातच विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागात आहेत.

पाण्याची सोय हाही वाड्याचा अभिमान होता. नानासाहेबांनी कात्रजला तलाव बांधून तिथून नळानं पाणी शहरात आणलं. ते वाड्यातल्या हौदांत आणि कारंज्यांत खेळायचं. हजारी कारंजं हे त्यातलं सगळ्यात नावाजलेलं. सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराचं हे कारंजं बाल सवाई माधवरावांसाठी केलं होतं. त्याची जागा आजही वाड्यात दाखवतात.

याच वाड्यात ३० ऑगस्ट १७७३ ला, गणेशोत्सवाच्या दिवसांत, गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं. 'काका मला वाचवा' या हाकेच्या भुताखेताच्या गोष्टी या घटनेवरच उभ्या राहिल्या. खरी गोष्ट त्याहून जास्त विचार करायला लावणारी आहे. राज्याचा मुख्य न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी या खुनाचा ठपका थेट गादीवर बसलेल्या रघुनाथरावांवर ठेवला आणि पद सोडलं. नारायणरावांचं शव ज्या दाराबाहेर काढलं त्याला नारायण दरवाजा हे नाव मिळालं. पुढं १७९५ मध्ये सवाई माधवरावही याच वाड्यात वरून पडून गेले.

इंग्रजांनी तोफा डागल्या का?

आता मूळ प्रश्न. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीला पेशवे आणि इंग्रजांची लढाई झाली. ती शहराबाहेरच्या मोकळ्या मैदानावर झाली. मग १६ नोव्हेंबरला येरवड्याजवळ सैन्यं समोरासमोर आली आणि त्या रात्री दुसरे बाजीराव पुणे सोडून निघून गेले. १७ तारखेला शहर लढाईशिवायच इंग्रजांच्या ताब्यात गेलं. शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं ते बाळाजीपंत नातूंच्या हातून, असा इतिहास आहे. म्हणजे वाडा फोडून घ्यायची वेळच आली नाही. दार आतून उघडलं गेलं.

जून १८१८ मध्ये बाजीराव जॉन माल्कमला शरण आले आणि त्यांची रवानगी बिठूरला झाली. वाडा तेव्हाही उभा होता. पुण्याचा पहिला कलेक्टर हेन्री डंडास रॉबर्टसन तिथं राहिला. नंतर त्यात कैदखाना, गरिबांचं रुग्णालय आणि वेड्यांचं इस्पितळ ठेवलं गेलं. पडलेल्या इमारतीत कुणी कलेक्टर ठेवत नाही आणि रुग्णालयही काढत नाही.

२७ फेब्रुवारी १८२८

त्या दिवशी वाड्याला आग लागली. ती सात दिवस धुमसत होती असं सांगतात. कारण शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही.

९६ वर्षं वाळलेलं सागवान. खांब, तुळया, कडीपाट, जिने, सज्जे, छतं, सगळं लाकडी. एक दिवाणखाना दुसऱ्याला लागून, एका मजल्याचं छत म्हणजे दुसऱ्याची जमीन. तुळई जळाली की वरचा मातीचा थर खाली आला. खांब जळाला की दोन बाजूंच्या विटांचा आधार गेला. मजल्यावर मजला कोसळत गेला. विटा फोडल्या त्या तोफांनी नव्हे. त्यांना धरून ठेवणारा सांगाडाच आत जळून गेला होता.

तट मात्र वेगळा होता. तो लाकडाच्या सांगाड्यावर नव्हे, स्वतःच्या जाडीवर उभा होता. म्हणून त्याचा दगडही राहिला आणि वरची वीटही. दिल्ली दरवाज्यावरचा नगारखाना वाचला तो तटावर असल्यामुळं, आतल्या महालांना चिकटलेला नसल्यामुळं. आत उरलं ते फक्त जोतं. चिंचवडच्या दगडानं आपलं काम केलं होतं, पण त्याला वर उचलून धरायला काहीच उरलं नव्हतं.

पुण्यातल्या वाड्यांवर असा प्रसंग ही एकदाच आलेली गोष्ट नाही. १३ मे १८७९ ला बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा दोन्ही पेटवले गेले. बुधवारवाडा पूर्ण गेला. विश्रामबागवाड्याचा जळालेला भाग पुढं लोकांच्या मदतीतून पुन्हा बांधला, म्हणून तो आज बघता येतो. शनिवारवाड्याच्या नशिबी ती दुरुस्ती आली नाही. त्याची जागा कित्येक वर्षं सरकारी कामांसाठी वापरली गेली. १९१९ मध्ये तो संरक्षित स्मारक झाला. नंतर आतल्या जागेचं उत्खनन झालं, तेव्हा ढिगाऱ्याखालचे चौथरे, हौद, कारंजी आणि पाण्याच्या वाटा पुन्हा उघड्या पडल्या. आज दिसतं ते हेच.

आणि जुन्नर?

जुन्नर तालुक्यात दगडी वास्तूंची दुसरी परंपराही आहे. मराठी वाडा लाकडाचा सांगाडा करतो, तर निजामशाही बांधणी दगड आणि चुन्यातच कमानी, घुमट उभे करते. अहमदनगरच्या निजामशाहीची सुरुवातच जुन्नरमधून झाली. १४९० मध्ये मलिक अहमदनं स्वातंत्र्य पुकारलं तेव्हा तो जुन्नरचा सुभेदार होता. पुढं मोगलांनी अहमदनगर घेतल्यावर मलिक अंबर या हबशी सरदारानं निजामशाही जिवंत ठेवली आणि १६०७ च्या सुमारास राजधानी काही काळ जुन्नरला आणली.

जुन्नर शहराजवळ हापूसबाग नावाचं गाव आहे. या नावाचा आंब्याशी संबंध नसून ते 'हबशी बाग' वरून आलं असं मानतात. तिथल्या जुन्या दगडी वास्तूला हबशी महाल म्हणतात आणि स्थानिक परंपरा तिचं नातं मलिक अंबरशी जोडते. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि शेवटी दख्खनचं राज्य चालवणारा हा माणूस १६२६ मध्ये वारला. त्यानंतर चार वर्षांनी, १९ फेब्रुवारी १६३० ला, समोरच्याच शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला.

शनिवारवाडा आणि हबशी महाल शेजारी ठेवून पाहिले की फरक लगेच कळतो. दगड-चुन्याच्या कमानीला आगीचं भय कमी, पण तिच्यात मोठा, हवेशीर, हवा तसा वाढवता येणारा दिवाणखाना करणं अवघड. सागवानाच्या वाड्याचे खण हवे तितके वाढवता येतात, पण त्याला आग, गळती आणि दुर्लक्ष सोसत नाही.

तुमच्या गावातला वाडा कसा बघाल?

शनिवारवाड्याचं जे एका आठवड्यात झालं, तेच जुन्नर-आंबेगावच्या आणि सगळ्या महाराष्ट्राच्या गावांत हळूहळू चाललं आहे. तिथं आग लागत नाही. वारस शहरात जातात, वाटण्या होतात, कौलं फुटतात. मग पाणी नेमकं तुळईच्या भिंतीत शिरलेल्या टोकावर झिरपतं आणि ते कुजतं. उरलेले कोरीव खांब आणि दारं जुन्या लाकडाच्या बाजारात विकली जातात, ती कुठल्यातरी हॉटेलात किंवा फार्महाऊसवर लागतात. गावात राहतो चौथरा.

म्हणून पुढच्या वेळी असा वाडा दिसला तर फोटोआधी या गोष्टी बघा:

- जोत्याचे चिरे किती उंचीपर्यंत घडीव आहेत? पैसा कुठवर पुरला ते तिथं कळतं.
- खांबाखाली दगडी तळखडा आहे का? असेल तर खांब अजून वाचू शकतो.
- छताच्या कडीपाटावर ओलीचे काळे डाग आहेत का? वाडा पडायला सुरुवात तिथूनच होते.
- भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला आहे का? तो ओल आत कोंडून ठेवतो. जुन्या भिंतीला चुन्याचाच गिलावा मानवतो.
- दाराच्या चौकटीवर, तुळईवर साल किंवा नाव कोरलं आहे का? लाकूड विकलं गेलं की त्या घराचा हा लेखी पुरावाही गेला.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना कोणती खोली कशाची होती ते विचारून लिहून ठेवलं, खण मोजून एक साधा नकाशा काढला, तर तेही पुष्कळ आहे. शनिवारवाड्याच्या आतल्या महालांचं तेवढंही नीट राहिलं नाही. म्हणून आज तिथं पाट्या वाचून चौथऱ्यावर महाल कल्पावा लागतो. गावातल्या वाड्याचं लाकूड अजून जागेवर असेल, तर तिथं कल्पना करायची वेळ आलेली नाही. कौलं तेवढी वेळेवर चाळायला हवीत.